लाल रेघ नसलेली तीन कपलिंगं

मी मूळ महाडचा. दहावीत असताना वस्तीतल्या बुद्धजयंतीच्या रोषणाईचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि पहिलंच बटण दाबून अख्खी आळी अंधारात घातली. तेव्हा आई म्हणाली, हा विजेच्याच धंद्यात जाणार, ह्याला तिची भीतीच नाही. तसंच झालं. डिप्लोमा केला, ओमानला आलो, सोळा वर्षं झाली, बायको आणि मुलगी इथेच अझैबात माझ्याजवळ, आणि साइटवर मला सगळे पाईपवाले साहेब म्हणतात. काय सांगू तुम्हाला, त्याची मला घमेंडच होती.

तर आमच्या घरापासून दीड तासावर, इब्राला, खजुराची एक जुनी शेड. खजूर धुवायच्या पंपाला नवं वायरिंग करायचं होतं, लोखंडी पाईपातून. मी म्हटलं, अर्थिंगची हिरवी वायर वेगळी कशाला, पाईप हाच अर्थ. मोटरीत गळती झाली तर करंट पाईपातनं बोर्डाकडे परत येईल, ब्रेकर पडेल, खलास. तसं ते खोटं नाही. पण पाईपाचे तुकडे जोडतात कपलिंगनं, आणि ते पान्यानं आवळायला लागतं, एक जरी ढिलं राहिलं तर वाट तिथेच तुटते आणि करंट मोटरीच्या अंगावरच राहतो. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की आधी सगळी कपलिंगं हातानं बसवायची, लाइन सरळ करायची, मग पाना मारायचा, आणि पाना मारला की कपलिंगवर मार्करनं लाल रेघ. रेघ नाही तर आवळलेलं नाही.

आता माझं वेड सरळ लाइनचं. लेव्हल लावून लावून अशी सरळ केली की अर्बाब, म्हणजे शेडचा मालक, बघून माशाल्ला म्हणाला. मी हातातला पाना ठेवून पाईपाखाली उभा राहून फोटो काढून घेतला, मग कहवा आला, हलवा आला, आणि हलवा संपल्यावर मीच सगळ्यांना म्हटलं, यल्ला, चला, झालं काम.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, इथली सुट्टी. घरी मुलीला फोटो दाखवत होतो, बघ तुझ्या बाबाचं काम. ती आठवीत, मराठी अडखळत बोलते. म्हणाली, बाबा, सगळ्यांना रेड लाइन आहे, मग ह्या थ्रीला का नाही?

मी आधी हसलो. मग फोटो मोठा केला. बरोबर माझ्या डोक्यावरची तीन.

आणि तिकडे शेडवर सलीम. बांगलादेशचा, पंप चालवणारा. शुक्रवारी नमाजनंतर तो शेड धुतो आणि पंप सुरू करतो. फोन लावला, वाजतोय, उचलत नाही. अर्बाबचा बंद. दोघंही मशिदीत. बायको म्हणाली, जेवण राहू दे, तू नीघ आधी.

त्या रस्त्यावर मी गाडीत एकटा ओरडत होतो, उचल रे सलीम, उचल बाबा. मी नवस न मानणारा माणूस, पण त्या दिवशी कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. वेगाच्या कॅमेऱ्यानं दोनदा फोटो काढला. फोटो यायचेच दिवस होते माझे.

पोचलो तर शेडचं दार उघडं, पंपाची घरघर चालू, पाणी वाहतंय, आणि सलीम भिंतीला टेकून बसलेला, उजवा हात डाव्या हातात धरून. मी आधी मेन स्विच पाडला. तो उठायला बघत होता, उठता येईना. म्हणाला, साहब, माफ कर दो, मेरा हाथ गीला था.

मी तिथेच पाण्यात बसलो. म्हटलं, नहीं रे, गलती मेरी है, तीन कपलिंग मैंने छोड़ दिए. तो नाही नाही म्हणत मान हलवत राहिला.

वाचला. पण उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. इस्पितळात मी त्याला फोटो दाखवला, ये देख, ये तीन. तो म्हणाला, अच्छा आया है साहब. अर्बाबला सांगितलं, कंपनीला लिहून दिलं, हिरवी वायर स्वतः ओढली. सलीमचं आपलं एकच, सगळ्यांना सांगत फिरतो, साहबने मेरी नौकरी बचाने को इल्ज़ाम अपने सर लिया.

आता तो बसून खजूर निवडतो, डाव्या हातानं. दर शुक्रवारी नमाज झाली की त्याचा फोन येतो, माझ्या पोरीचं नाव घेऊन दुआ देतो, लंबी उमर हो, ख़ूब पढ़े. आधी मी त्याला अडवायचो, भांडायचो. आता नाही. फोन कानाला लावून उभा राहतो, आणि तो थांबला की आमीन म्हणतो.