पुसट फिल्टर

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या बाईंच्या मागे एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

“नातीच्या फोटोला कॉम्प्युटरवर जलरंगाचा फिल्टर लावायचाय, तर यादीतले सगळे फिल्टर पुसट. दाबले तरी ढिम्म.”

“फोटो उघडून आधी काय केलंत?”

“सीएमवायके केला. छपाईच्या चार शायांचा मोड.”

“छापायचाय का?”

“नाही, फोनवर पाठवायचाय. संध्याकाळी वाढदिवस आहे ना.”

“मग फोनवर शाई कशाला ओतताय?”

“जन्म छापखान्यात गेला माझा. हात आपोआप तिकडेच जातो.”

“त्या मोडमध्ये बरेच फिल्टर चालत नाहीत. पडद्याच्या रंगांचा मोड, आरजीबी करा, उघडतील.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सूनबाईनं. मागच्याच आठवड्यात.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“तुम्ही आठवडाभर त्या कॉम्प्युटरशी भांडत होतात. माझ्या वाट्याला काही उरतच नव्हतं. किती शांत होतं घर.”

“म्हणजे मुद्दाम?”

“आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.”

“आणखी काय काय सांगायचं राहिलंय?”

आतून गाल सुजलेल्या बाईंचा नंबर पुकारला. मागच्या बोलण्याकडे कान ठेवूनच त्यांनी शेजारच्या गृहस्थांना हळूच खूण केली.

“तुम्ही व्हा पुढे. माझा दात थांबेल जरा.”