चांगुणाची मुंबई

माझा जलम मिठागराच्या बांधावरचा. खरंच बांधावरचा. आये मिठाची पाटी वाहत होती, तितंच तिच्या पोटात कळा आल्या, बा बोलला घरी चल, ती बोलली येवढी रास होऊ दे, नि रास व्हायच्या आदी मी झालो. आमचं गाव पनवेलच्या खाडीला, एका अंगाला खाजन, भरतीचं पानी शिरतं ती चिखलाची जमीन, नि दुसऱ्या अंगाला मिठागरं, आमी आगरी मानसं, चार म्हैने भात नि आठ म्हैने मीठ. शाळेत दोनच वरसं गेलो, मोठी छापील अक्षरं तेवढी लागतात. तवा मास्तर, तुमी ह्या वहीत काय लिवता ते मना वाचता यायचं नाय, म्हनून खरं तेच लिवा, येवढंच सांगनं हाय.

तुमी आलात जुन्या मिठागराचं इचारायला. मिठाचं काय सांगू तुमाला, पायाला भेगा पडतात नि भेगांत मीठ जातं, झालं, संपलं मीठ. मी दुसरं सांगतो. बायको जाऊन माझी सा म्हैने झाले, नि हे कोनाला तरी सांगितल्याबिगर मना घास जाईना, नि गावात सांगायची सोय नाय.

गावात मना मुंबईवाला म्हंतात. कोनी पयल्यांदा मुंबईला निगाला की आदी माझ्या वट्यावर येनार, दादा, कुठं जेवू, काय बगू, बायकोला काय दाखवू. नि मी सांगनार. धक्क्यावरनं निगालास की सरळ जा, टराम लागंल, कोपऱ्यावर इराण्याचं आरशाचं हॉटेल हाय, चारी भितींना आरसे, आपन एक बसलो की चार दिसतो, तितं बनमस्का खा, लोनी दोन्ही बाजूंनी लावून माग, चा बशीत वतून पी, कोन हसत नाय. खिमा खात असशील तर सकाळीच जा, दुपारी उरत नाय. मंग रानीचा बाग, तितं आदी हत्ती, वाघ मागनं, कारन वाघ झोपलेला असतो नि हत्तीला बगून येईपर्यंत उठतो. मंग दोन मजली बशीत वरती, म्होरच्या बाकावर. मंग टेकडीवरचा म्हातारीचा बूट. नि सांज कलली की चौपाटी, भेळ उभ्यानं खायची, कुल्फी बसून. लोक जायचे, परत येऊन बोलायचे, दादा, अगदी तुमी सांगितलं तसंच.

आता ऐका. मी ह्यातलं काय एक बगितलेलं नाय.

हसू नका. मीठ मचव्यातनं मुंबईच्या बंदराला जायचं, नि मी मचव्यावर खलाशी होतो, वीस-बावीस वरसं. पयल्या खेपेला सतराचा असंन, मचव्याचा तांडेल, म्हंजे आमचा म्होरक्या, बोलला चला रे, मुंबई बगू, नि आमी पाच जन निगालो. टराम आली, आमच्या मदी मानसं शिरली, नि मी बगतो तर आमचा एक बी मानूस नाय. काय सांगू तुमाला, वाऱ्यात शीड फाटलेलं मी बगितलंय, मानूस पान्यात गेलेला बगितलाय, तवा भ्यालो नाय. तितं भ्यालो. एक दिव्याचा खांब धरला नि उभा ऱ्हायलो, सकाळपासनं दुपार कलंपर्यंत, कोनाला इचारायला तोंड उघडंना. धोतरात मुतलो. लिवा, लिवा, खरं लिवा बोललोय ना. तांडेलानं शोधून आनला, नि मंग मचव्यावर हसनं, म्हैनाभर हसनं.

त्या दिसापासनं बंदर आलं की मी बोलायचो, तुमी जा, मचव्याला मानूस पायजे, मी थांबतो. त्यांनाबी बरंच. तांडेल बोलायचा, एक नांगर पान्यात नि एक फळीवर, आपल्याला काय घोर नाय. मना नांगरच म्हनायला लागले. पन परत आले की बोलनं तेच, आरसे असे नि लोनी तसं, हत्तीनं नारळ कसा फोडला, मी भात ढवळत ऐकायचो. कान माझे चांगले. ऐकलं ते ऱ्हायलं.

नि मंग लगीन झालं. चांगुणा आली, मदला एक दात पडलेला, हसताना तोंडावर हात धरायची. चार दिस झाले असतील, भीतभीत बोलली, अवो, तुमी मुंबईला जाता, तितं काय असतं हो? आता तिला काय सांगू, खांब असतो? सांगितलं आरशाचं हॉटेल. डोळे असे झाले तिचे. मंग दर खेपेला इचारनार नि दर खेपेला मी सांगनार, नि एकदा बायकोला सांगितलं ते गावाला गेलंच, असा मी मुंबईवाला झालो. मिठागरात पाटी वाहताना ती दुसऱ्या बायकांना सांगायची, ह्यांना मुंबईतला दगडनदगड ठावा हाय.

एकच लेक आमाला, मंजुळा. ती बेलपाड्याला दिली. लगीन झालं, मांडव सोडला, नि चांगुणा बोलली, आता माझं काय काम ऱ्हायलं नाय, मना डाग-दागिना नको, लुगडं नको, मना मुंबई दाखवा. आरशाचं हॉटेल दाखवा. मी बोललो, आता खाडीला वारं वाईट हाय. मंग बोललो, भात झोडून होऊ दे. मंग शिमगा. दोन वरसं काढली तशी. ती एक शब्द रागानं बोलली नाय, शिमगा झाला की फक्त बोलली, शिमगा झाला.

गेलो. पनवेलास्नं एस्टीनं उरण, तितनं चालत मोरा, मोऱ्याला लाँच. ती नवं हिरवं लुगडं नेसलेली, आंबाड्यात अबोलीचा गजरा, काखंत फडकं, त्यात तांदळाच्या भाकऱ्या नि सुक्या बोंबलाची चटनी. मी बोललो, मुंबईला चाललो नि भाकर कशाला घेतलीस? बोलली, असू दे, भाकर काय जड होते? लाँचवर सगळ्या वाटंनं ती घोकत होती, आदी हॉटेल, मंग हत्ती, मंग वाघ. नि मी पान्याकडं बगत होतो, नि देवाला बोलत होतो, हिला उलटी होऊ दे, भोवळ येऊ दे, काय पन होऊ दे. बायकोला भोवळ येऊ दे म्हननारा मी.

धक्क्याला उतरलो. धक्का माझा ठावा, तितला दोर नि दोर ठावा. फाटकाबाहेर पडलो नि संपलं. सरळ जा म्हंतो मी सगळ्यांना, तर सरळ असा रस्ताच नाय, तीन फुटतात. मी एक धरला. दोन्ही अंगांना वखारी, हातगाड्या, हमाल वरडतात. एका वळनावर घोड्यांना पानी पाजायचा दगडी हौद, कोना शेठनं बांदलेला. गेलो म्होरं. वळलो, वळलो, नि आला हौद. पुन्हा गेलो. मी म्होरं, ती धा पावलं मागं, डोसक्यावर फडकं. पुन्हा आला हौद. नि ती हळूच बोलली, अवो, ह्यो घोड्यांचा हौद आपन तिसऱ्यांदा बगतो.

मास्तर, मी त्या रस्त्यात तिच्यावर वरडलो. काय काय बोललो. तुझ्या पायांत मीठ भरलंय काय, चालायला येत नाय, मदीमदी तोंड घालतेस म्हनून वाट चुकते, तुझ्यासारखीला मुंबई कशाला पायजे, बांधावर बस. हमाल हातगाडी थांबवून बगत होते. एक बोलला, अरे बाबा, बाईमानसावर कशाला वरडतोस, जायचंय कुठं ते सांग, मी दाखवतो. नि मी त्याला बोललो, तू तुझी गाडी वढ, मना मुंबई शिकवू नको. तोच आमाला हॉटेलात घेऊन गेला असता. हातभर लांब असंल ते.

चांगुणानं डोसक्यावरचं फडकं उतरवलं. हौदाच्या कट्ट्यावर बसली, बोलली, माझे पाय दुखतात, बसू या जरा. फडकं सोडलं. आमी दोघांनी भाकर खाल्ली, हौदाचं पानी नळाला येत होतं तेच प्यालो. एक घोडा आला, प्याला, गेला. मी बोललो, नव्या वखारी बांदल्यात, वाट बदलली. बोलली, हां, बदलली असंल. मंग मी बोललो लाँच चुकंल, शेवटची लाँच चुकली तर ऱ्हायचं कुठं. तवा ऊन डोसक्यावर होतं, लाँच सांजची. ती बोलली, चला मंग.

नि उठता उठता बोलली, आता नीट सांगा परत एकदा, कशामागनं काय ते. बायका इचारतील, तुमी एक सांगनार नि मी एक सांगनार, बरं दिसंल काय? मी सांगितलं. ती मान हालवत होती, पोर धडा घेतं तशी. मना वाटलं, हिला लाज वाटते, उन्हात बसून परत आलो हे कसं सांगायचं म्हनून. मना तेवढंच कळलं.

पनवेलला उतरलो तर बोलली थांबा, नि बाजारात गेली. मुंबईवरनं आलं की वाड्यात खाऊ वाटायला लागतो. बेकरीवाला चाचा बोलला, लेव बहेन, एकदम ताजी नानकटाई, आत्ता भट्टीतनं काडली. तिनं घेतली, नि गावच्या वाटंला लागलो तशी त्यावरचा कागद काडून टाकला, नानकटाई फडक्यात बांदली. कागदावर पनवेलचं नाव छापलेलं होतं. ती अक्षराची आंधळी, पन तेवढं तिला कळलं.

दुसऱ्या दिसाला विहिरीवर बायका जमल्या. मी बैलाला पानी द्यायला गेलो तर शेजारची पारूवयनी बोलली, काय भावजी, आमच्या चांगुणाला मुंबई दाखवली म्हनं, आमच्या ह्यांनी तर पनवेलचा बाजारबी दाखवला नाय. सगळ्या हसल्या. चांगुणा तोंडावर हात धरून बसलेली. ती सांगायला लागली तसा मी बैल घेऊन निगालो, मना ऐकवंना.

पुन्हा तिनं मुंबईचं नाव काडलं नाय. माझ्या म्होरं नाय. बारा-तेरा वरसं गेली. ह्या साली भादव्यात ताप आला, छातीत भरला, चार दिसांत गेली. पनवेलच्या डॉक्टरकडं न्यायला गाडी जुंपली, ती बोलली, सावकाश चालवा, हाडं दुखतात. ते शेवटचं.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळा शिवंना. झाडावर बसलेले धा-बारा, एक उतरंना. मंजुळा बोलली, आये, बाबांना मी बगीन, तू जा. नाय. जावई बोलला, भाऊबंद बोलले. नाय. भटजी बोलले, काय इच्छा ऱ्हायली असंल तर सांगा कोनी. नि मना ठावं होतं काय ऱ्हायलं ते. पन बोलू कसा? बोललो तर माझी लाज गेली, ती गेलीच असती, काय सोनं होतं तिचं. पन ती बी खोटी ठरली असती, मेल्यावर, सगळ्या गावाम्होरं.

तितक्यात मागं बांधावर बायका बसलेल्या, त्यांतली पारूवयनी रडत बोलली, तिची कसली इच्छा ऱ्हायनार हो, तिच्यासारखी मुंबई कोनी बगितली? आरशाच्या हॉटेलात भावजींनी आदी तिला खुर्चीवर बसवली, मंग आपन बसले. बन मोडून पयला तुकडा तिच्या बशीत घातला. रस्ता वलांडताना हात धरायचे, सगळ्या लोकांत, तिला लाज वाटायची. बागेत बोलले, पाय दुखतात काय तुझे, बस, मी हाय ना. सांगायची नि रडायची वो ती. धा वेळा सांगितलं असंल आमाला.

मी खाली बगून ऐकलं.

हत्ती माझा होता, आरसे माझे होते. हे खुर्चीचं, हात धरायचं मी कवा तिला सांगितलं नव्हतं, मास्तर. हे तिनं घातलं. वीस वरसं मी तिला हॉटेल सांगत बसलो, नि तिला खुर्ची पायजे होती. ती तर घरीबी देता आली असती.

कावळा नाय शिवला. मी बोललोच नाय काय, कसा शिवंल. भटजींनी दर्भाचा कावळा केला, त्याला शिववलं, नि आमी घरी आलो.

आता मंजुळा डबा धाडते, खातो. लोक अजून वट्यावर येतात. परवाच खालच्या आळीतला एक जन आला, नवं लगीन, बायको दाराशी उभी. दादा, उद्या मुंबईला चाललो, कुठं खाऊ, काय बगू? मनात आलं, सांगावं ह्याला, मना काय ठावं नाय, धक्क्यावरच्या हमालाला इचार. पन सांगितलं. आरशाचं हॉटेल सांगितलं, हत्ती सांगितला. मंग बोललो, हॉटेलात गेलास की आदी हिला खुर्चीवर बसव. बन मोडलास की पयला तुकडा हिच्या बशीत. रस्ता वलांडताना हात धर, ती लाजंल, धर. नि वाट चुकलीच तर हिच्यावर वरडू नको, कोनाला तरी इचार.

तो बोलला, दादा, हे तुमी मागं कोनाला सांगितलं नव्हतं. मी बोललो, ध्यानातनं गेलं होतं. पोरगी तोंडावर हात धरून हसली. मी बोललो, जा बाय, बगून या, सुखानं ऱ्हावा.