सादड्याखालचे गडी

माझा जन्म हरसूलच्या वरच्या अंगाला एका पाड्यावरचा, नि लगीन झालं तेही दोन टेकड्या पलीकडंच, म्हणजे बघ पोरी, सगळं आयुष्य ह्या डोंगरातच गेलं. भात, नागली, वरई, नि पाऊस सरला की द्राक्षाच्या कामाला खाली दिंडोरीकडं, परत वर. सुईणपण सासूनं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, माझा हात धरून बाईच्या पोटावर ठेवायची नि म्हणायची, सांग डोकं कुठं. चुकलं की चापट.

काय सांगत व्हते? हां, डोली. तुम्हा शहरातल्यांना डोली म्हणलं की नवरी दिसती. आमची डोली म्हणजे एक बांबू नि एक चादर. अडलेली बाई चादरीत निजवायची नि पुढं-मागं खांदा द्यायचा. पण नुसता बांबू म्हणजे डोली नाय, आधी हाळी. टेकाडावर उभं राहून तीनदा लांब हाळी दिली की खालच्या पाड्याला कळायचं, बाई येती. तिकडनं उलट हाळी यायची. शिवेवर सादड्याचं झाड हाय, त्याखाली त्यांचे गडी कंबर बांधून उभे राहायचे. आमचे खांदे थकले की तिथं त्यांचे खांदे, मग त्यांच्या पुढचा पाडा, असं दवाखान्यापर्यंत, बाई खाली टेकायचीच नाय. पाड्यापाड्यात भांडणं लय, विहिरीवरनं, गुरांवरनं, पण हाळी आली की हातातला घास टाकून पळायचे. माझा दीर असाच उठून पळाला तर जाऊ म्हणली, माझ्या हाकेला कधी असे उठले नाय तुम्ही.

मग फोन आला. मी वाईट नाय म्हणत, पोरगा अंबडला कंपनीत हाय, त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मला जेवण जात नाय. पण हाळी बंद झाली. कशाला घसा फोडायचा, वर खडकावर चढलं की फोन लागतो, जीप बोलवा. नि एक साल काय झालं, पलीकडच्या पाड्यातली बाई डोलीतनं नेली, तर कोणीतरी फिल्म काढली. लुगडं सरकलेलं, तोंड उघडं, ओरडतेय. सगळ्या फोनात गेली ती फिल्म. लोक हळहळले, रस्ता करा म्हणले. रस्ता झाला नाय, पण ती बाई बाजारात दिसली की लोक बोट दाखवायचे, हीच ती डोलीवाली. तिनं बाजारच सोडला.

माझी लेक वनिता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आलेली. दवाखान्यातच न्यायचं ठरलेलं, पण पंधरा दिवस आधीच कळा लागल्या. सकाळी पोरगी झाली, चांगली रडली. पण वार पडेना नि रक्त थांबेना. माझ्या हाताला कळलं, हे आता माझ्याच्यानं होणार नाय. मी म्हणले बांबू काढा. तर वनिता माझं मनगट धरून म्हणती, आई, डोली नको, कोणीतरी फिल्म काढील, माझ्या सासरचे बघतील. शेजारचा काशिनाथ खडकावर पळाला, फोन केला, नि वरनं ओरडला, मावशी, जीप निघाली, वीस मिनिटं. आणि मी, काय सांगू तुला, मी म्हणले बरं. एवढंच बोलले. दुसऱ्या कोणाची लेक असती तर मी तिचं ऐकलं असतं व्हय? शिव्या घालून डोलीत टाकली असती.

काशिनाथ मधनं-मधनं वरनं ओरडतोय, वीस मिनिटं, मावशी, वीस मिनिटं. म्हणजे फोनचा निरोप पण शेवटी हाळीनंच खाली येत व्हता. दिवस डोक्यावर आला. मग तो ओरडला, जीपवाला पोचलोय म्हणतो, विचारतो तुम्ही कुठं. जीपवाल्याच्या फोनातल्या नकाशात रस्ता थेट आमच्या पाड्यापर्यंत. खरा रस्ता ओहोळाशी संपतो, तिथं पूल नाय, गाडी उतरत नाय. तो पलीकडच्या काठाला उभा राहून हॉर्न वाजवतोय.

मग डोली बांधलीच. पण खांदे तीन, त्यातला एक माझ्या म्हाताऱ्याचा. बाकी सगळे द्राक्षाच्या कामाला गेलेले, आमचे पण नि खालच्या पाड्याचे पण. हाळी द्यायची कोणाला? सादड्याशी आलो नि आमची माणसं आपोआप थांबली, सवय असती ना, खांदा बदलायला थांबली. झाडाखाली कोणी नव्हतं. डोली खाली टेकवावी लागली. मी चादर बाजूला केली, वनिताच्या तोंडाला हात लावला. गार. खाली हॉर्न वाजतच व्हता.

नात तिच्या बापाकडं वाढती हाय. फोनात तिचं तोंड दिसतं, मला आजी म्हणती, आईसारखीच हसती. तू विचारलंस ना, ह्या फोना-बिनानं सुख वाढलं का? आता ते तोंड दिसतं, त्याला मी काय म्हणू? पण जीप पण बोलवायची नि बांबू पण उचलायचा, एवढं साधं मला त्या दिवशी सुचलं नाय. सासू असती तर चापट मारली असती.

तो बघ, ओसरीला बांबू. दरसाल नवा तोडते. पोरं हसतात, आजी, कोण उचलणार? त्याचा फोटो नको काढू, हात जोडते. आवाज घे हवा तेवढा. हाळी देणारं पण आता इथं कोणी उरलं नाय, मीच एक. देऊ का? तुझ्या फोनात तरी राहील. सरक जरा, दारात उभी राहते.

ऐकलीस? अशी तीनदा. थांब, बंद नको करू. उलट हाळी यायला जरा वेळ लागायचा.

नाय. बरं, कर बंद आता. जा पोरी, ऊन हाय तोवर उतर. तुझं घर दवाखान्याच्या दाराशी असो.