पकडीच्या खुणा

डॉक्टरीण : कॅप परत पडली?

मेकॅनिक : पडली. जेवताना.

डॉक्टरीण : काय खात होतास?

मेकॅनिक : भात. मऊच होता.

डॉक्टरीण : मऊ भातानं दाताची कॅप पडली.

मेकॅनिक : तुमचं चिकटवणं कच्चं असेल, डॉक्टर.

डॉक्टरीण : जन्म गेला चिकटवण्यात, दुसऱ्या कुणाची पडत नाही. आणि अहोजाहो पुरे. एका वर्गात होतो आपण.

मेकॅनिक : या खुर्चीत बसलं की जीभच वळत नाही.

डॉक्टरीण : कॅपवर हे ओरखडे कसले?

मेकॅनिक : भातात खडा असेल.

डॉक्टरीण : खड्याला दोन्ही बाजूंनी दात असतात? तुझ्या लेकीचा फोन आला होता. बाबा पकड घेऊन आरशासमोर बसतात म्हणाली.

मेकॅनिक : कार्टी फितूर झाली.

डॉक्टरीण : का करतोस असं?

मेकॅनिक : ते... म्हणजे... पंखा जरा कमी करता?

डॉक्टरीण : आ कर. आता पक्की कॅप करायची. माप घेते. तुझ्या अख्ख्या गॅरेजला निघणार नाही.

मेकॅनिक : अहो, पक्कीची एवढी घाई काय...

(मापाचा लगदा त्याच्या तोंडात. घट्ट होईपर्यंत बोलायची सोय नाही.)

डॉक्टरीण : गप्प बस. तोंड हललं तर माप बिघडतं. तुला बोलता येत नाही, म्हणून मला बोलता येतंय. शाळा सुटली की माझ्या सायकलची साखळी पडायची, आठवतं?

मेकॅनिक : अं.

डॉक्टरीण : पडत नव्हती. मी पाडायचे, शाळेच्या मागे जाऊन. तू हात काळे करून बसवायचास, मग कोपऱ्यापर्यंत सोबत यायचास. आणि एक दिवस, शहाण्या, तू नवी साखळी घातलीस. वर पत्र्याचं कव्हर. काही केल्या पडेना. घरी जाऊन इतकी रडले, आईला सांगितलं पोट दुखतंय.

मेकॅनिक : अंऽ, अं.

डॉक्टरीण : आवडायचास तू मला. सांगायची छाती झाली नाही. पुढे लग्नं झाली, मुलं झाली, आपापली माणसं गेली. आणि परवा तू दारात उभा, हातात कॅप घेऊन. अजून आवडतोस. झालं सांगून. अरे, हसू नकोस. हसलास ना? थांब, काढते.

मेकॅनिक : गेलं माप?

डॉक्टरीण : सगळं वाकडं आलं.

मेकॅनिक : उशीर झाला की आई रागावते, म्हणाली होतीस. म्हणून साखळी बदलली. मला तेवढंच करता येत होतं.

डॉक्टरीण : गाढवा.

मेकॅनिक : कव्हर घट्ट करताना मलाही रडू आलं होतं.

डॉक्टरीण : मग? पुन्हा माप घेऊ, की कच्चीच चिकटवू?

मेकॅनिक : पक्कीच बसव. उद्या मी नुसताच येईन.