अठ्ठावीस नंबर पुढे

रॉयस : आई, रेडिओवाला म्हणतोय मी तिसरा आहे.

नोरीन : म्हणू दे. तू पडून राहा.

रॉयस : पण मी तर इथे ट्रॅकवरच्या दवाखान्यात, खाटेवर आहे.

नोरीन : आहेस ना? मग झालं तर. आणि तो बर्फाचा टॉवेल मानेवरनं काढू नकोस.

रॉयस : मग तिसरा कोण आहे?

नोरीन : तुझी गाडी. अठ्ठावीस नंबर. आत क्लेटन बसलाय. मघापासून किती वेळा सांगू, रॉयस?

रॉयस : क्लेटन पकेट?

नोरीन : आपल्याला दुसरा कुठला क्लेटन माहितीय?

रॉयस : त्याची स्वतःची गाडी कुठाय?

नोरीन : ट्रकवर. होती तेवढी गोळा करून चढवली. शर्यत सुरू होऊन जरा वेळ झाला नाही, तोच दुसऱ्या वळणावर तू त्याला मागून ठोकलंस. गेला तो सरळ भिंतीवर.

रॉयस : मी ठोकलं?

नोरीन : डार्लिंग्टनच्या अख्ख्या ट्रॅकनं पाहिलं. मीसुद्धा.

रॉयस : लागलं का त्याला?

नोरीन : लागलं असतं तर तुझ्या गाडीत बसला असता का? पाणी पी. घोट घोट, ढसाढसा नको.

रॉयस : थांब, थांब. म्हणजे मी त्याची गाडी मोडली, आणि तो माझी घेऊन पळाला?

नोरीन : पळतोय कसला! तू टायर बदलायला आत आलास तो मान टाकूनच. पोरांनी खिडकीतून उपसून काढलं तुला, ओल्या पोत्यासारखं. गाडीत धूर कोंडलेला, बाहेर हे असलं ऊन. डॉक्टर म्हणाला, अजून थोडा वेळ आत राहिला असता तर... जाऊ दे. काय म्हणाला ते म्हणाला.

रॉयस : मला एक वळण तेवढं आठवतंय. संपतच नव्हतं ते. मी आपला वळतोय, वळतोय...

नोरीन : नको आठवूस.

रॉयस : होबर्टकाकाचं काम हे. गाडीत कोण बसणार ते तोच ठरवतो. त्याला पहिल्यापासून क्लेटनचा पुळका.

नोरीन : होबर्ट तर नकोच म्हणत होता. पाय आपटत होता.

रॉयस : मग तू?

नोरीन : मी? आपलं गॅरेज सोडून क्लेटन त्या बड्या टीमकडे गेला, तेव्हापासून चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसतो. दोन वर्षं त्याची मान बघतेय. कसा आहेस म्हणूनसुद्धा मी विचारलेलं नाही.

रॉयस : मग कोणी बसवलं त्याला?

नोरीन : तू.

रॉयस : मी?

नोरीन : गाडीतून रेडिओवर बोललास. म्हणालास, मला दिसेनासं झालंय, क्लेटनला उभं करा, दुसऱ्या कुणाला माझ्या गाडीला हात लावू देऊ नका. होबर्टला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं.

रॉयस : फिरलंच असणार.

नोरीन : असेल. मला काय विचारतोस? डोकं तुझं.

रॉयस : श्श! काय म्हणाला तो? दुसरा? आई, मी दुसरा आलो! आवाज वाढव.

नोरीन : नर्स ओरडेल.

रॉयस : ओरडू दे. ऐक. भिंतीला चिकटून बाहेरून काढतोय गाडी. मी आतून जातो नेहमी. तो वेडा आहे, मातीच्या ट्रॅकवर शिकत होतो तेव्हापासून असाच, जिथे जागा नाही तिथेच घुसणार... घासली! घासली माझी गाडी!

नोरीन : गप, ऐकू दे.

रॉयस : पुढे गेला? गेला का पुढे?

नोरीन : गेला. अरे देवा. जिंकला.

रॉयस : कोण?

नोरीन : नियम तुला ठाऊक आहे. सुरुवातीला गाडीत जो असतो, शर्यत त्याच्या नावावर. तू जिंकलास, बाळा.

रॉयस : इतकी वर्षं मी इथे जिंकायला बघतोय. आणि आडवा पडून जिंकलो.

नोरीन : रडतोयस का?

रॉयस : काय माहीत. मला आनंद झालाय की राग आलाय, तेच कळत नाहीये.

(दार उघडतं. क्लेटन आत येतो. तोंडावर काजळी, हेल्मेट अजून काखेत. रॉयस उठून बसायला जातो, पण खोली फिरते, तसा खाटेची कड धरतो.)

क्लेटन : नोरीनमावशी, येऊ का आत?

नोरीन : आलाच आहेस. ...कसा आहेस, क्लेटन?

क्लेटन : घसा कोरडा पडलाय.

नोरीन : हे घे. त्याच्याच ग्लासातलं पी, दुसरा नाहीये.

क्लेटन : गाडी थोडी घासलीय, रॉयस. उजवी बाजू सगळी.

रॉयस : ऐकलं मी. क्लेटन, मी तुला ठोकलं?

क्लेटन : ठोकलंस.

रॉयस : मुद्दाम?

क्लेटन : ते तर मी तुला विचारायला आलो होतो.

रॉयस : देवाशप्पथ, आठवत नाही. पण तू गॅरेज सोडून गेल्यापासून तुझा राग होताच माझ्या मनात. त्यामुळे मुद्दाम नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

क्लेटन : हं.

रॉयस : एवढं होऊन तू माझ्या गाडीत बसलास कशाला?

क्लेटन : माझं सामान आवरत होतो. होबर्टकाकानं कानाला लावलेला रेडिओ काढून माझ्या हातात कोंबला. म्हणाला, हे तूच ऐक. तू माझं नाव घेत होतास. एकदा नाही, सारखं. नदीपलीकडून हाक मारावी तसं. मी हेल्मेट घातलं. विचार वगैरे काही केला नाही.

रॉयस : आणि जिंकलास तेव्हा?

क्लेटन : ओरडलो. मग आठवलं, ही शर्यत माझी नाही. मग मला कळेना, ओरडलो कशाला.

नोरीन : बाहेर तुझं नाव पुकारतायत, रॉयस. बक्षीस घेऊन उभे आहेत.

रॉयस : तू जा, क्लेटन.

क्लेटन : मला नाही पुकारत ते.

रॉयस : मला धड उभं राहता येत नाहीये रे.

क्लेटन : दिसतंय. टाक हात इकडे, माझ्या खांद्यावर. सगळा भार टाक.

रॉयस : तिथे जाऊन मी बोलू काय?

क्लेटन : मला काय माहीत? हळू. पायरी आहे.