लाल मशीनला थोडे तरी मार्क द्या

नाही नाही, लालला शून्य नका देऊ काकू, एवढ्यात नका देऊ — खोडा ते, पेन्सिलनेच लिहिलंय ना, म्हणून तर पेन्सिल देतो आम्ही. एक वाटी उडाली म्हणून लगेच शून्य? नारळच वाकडा होता तो. म्हणजे मी सुचवत नाहीये हं, सुचवायची सक्त मनाई आहे मला. तुम्ही बाहेरच्या, आमच्या कंपनीत कुणाला ओळखत नाही, म्हणूनच तर तुम्हाला ऐरोलीहून इथे पावणे एमआयडीसीत बोलावलं — नारळ खवायची तीन मशीनं, लाल, पिवळं, निळं, तिन्हींवर एकेक वाटी खवायची आणि दहापैकी मनाला येतील ते मार्क द्यायचे. कुठलं कुणी केलंय ते तुम्हाला कळता कामा नये. मी, निखिल, इथे फक्त नारळ फोडून द्यायला. कॅमेऱ्याकडे बघू नका, तो तुमचे हात दिसायला आहे. हा माइक? हा मशीनचा आवाज मोजायला, मीच लावलाय सकाळी. पलीकडच्या खोलीत आमची मंडळी पडद्यावर बघतायत, पण नुसतं चित्र जातं तिकडे, आवाज नाही जात. तुम्ही विसरूनच जा कॅमेरा आहे म्हणून. माणूस विसरला की खरं वागतो, असं शिकवलंय आम्हाला.

तर परत एकदा लाल. वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरा, कोपर ओट्यावर टेका, डोकं जरा बाजूला — त्या नाही, या बाजूला. करा चालू. बघा कसं छान — अरे. लागलं का? नाही ना, चष्मा होता म्हणून बरं. माझ्या केसांकडे नका बघू, मला सवय आहे. छताकडेही नका बघू, ते छतावरचं जुनं आहे, कालचं. आता मला सांगा, साध्या खवणीवर नारळ असा उडतो का? नाही उडत. पण मजा येते का? मजाही येत नाही. मग त्या मजेचे दोन तरी मार्क धरायला नकोत? महिनाभर आम्ही रोज नारळ खवतोय काकू, आणि खवलेला टाकायचा कुठे, तर कँटीनला द्यायचा. पोह्यांवर नारळ, भेंडीत नारळ, आमटीत नारळ, आणि परवा तर तर्रीवाल्या मिसळीवर नारळ पेरला, तेव्हा आमचे शहाजी सर — साहेब आमचे, मूळचे कोल्हापूरकडचे — ताट सारून उठले. तेव्हापासून त्यांचं एकच चाललंय, काय तो निकाल लावा, एक मशीन ठरवा आणि नारळ बंद करा. आज संध्याकाळी मीटिंग आहे, तुमचे मार्क शेवटचे.

खरं म्हणजे मार्कांची वेळच यायला नको होती. आमच्यात एक तक्ता असतो. एका बाजूला मशीनं, एका बाजूला आपल्याला काय काय हवंय ते — आवाज कमी, धुवायला सोपं, ओट्यावर जागा थोडी, बोटं शाबूत — आणि प्रत्येकाला वजन द्यायचं, कशाला जास्त, कशाला कमी, सगळी मिळून शंभर. मग गुणाकार, बेरीज, जे पहिलं येईल ते आपलं. भावनेला जागाच नाही त्यात. केला मी तक्ता. निळं पहिलं आलं. म्हटलं, आवाजाचं वजन वाढवून बघू — निळं पहिलं. धुण्याचं कमी केलं — निळंच. मग मी एक नवीन ओळ घातली, 'लाल रंग स्वयंपाकघराला शुभ', तिला भरभक्कम वजन दिलं, सगळी बेरीज शंभराच्या जागी एकशेतीस झाली, तरी आपलं ईश्वरीचंच — तरी आपलं निळंच पहिलं. काय? कोण ईश्वरी? कुणी नाही. मी निळं म्हणालो.

लाल माझं म्हणून मी एवढा भांडतोय असं वाटतंय ना तुम्हाला? छे हो. माझं पिवळं. आता हे सांगायचं नव्हतं, पण तुम्ही इतक्या बघताय माझ्याकडे. लाल केयूरचं. आता तुम्ही म्हणाल, स्वतःचं पोर उपाशी ठेवून शेजाऱ्याच्या पोराला खीर का भरवतोस? त्याचं काय आहे, आमच्या कंपनीत एक रिवाज आहे. ज्याचं मशीन ठरेल, त्याने त्याच्याबरोबर राजकोटला जायचं. तिथे साचे बनतात. साचा होईस्तोवर तिथेच राहायचं, बनवणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहायचं — नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तसं. फक्त पाठराखीण चार दिवसांनी परत येते, आमचं माणूस वर्षभर येत नाही. आता पिवळं आलं तर मी राजकोटला आणि ती इथे. निळं आलं तर ती राजकोटला आणि मी इथे. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. राहिलं कोण? केयूर. केयूरची बायको राजकोटची, बाळंतपणाला माहेरी गेलीये, हा इथे रोज व्हिडिओवर बाळाची मालिश बघतो. त्याला पाठवला तर सगळ्यांचं भलं. फक्त त्याचं मशीन नारळ फेकतं. एवढीच अडचण आहे.

तुम्ही हसताय. हसा. पण तिला काही माहीत नाही हो. तिला वाटतं मी तिच्या मशीनच्या मागे हात धुऊन लागलोय, मला जळजळ होते म्हणून. परवा सगळ्यांसमोर म्हणाली, निखिलला माझं काही चांगलं दिसतच नाही. मला. माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं न विचारता घेते, मी त्यासाठी आईला जास्तीचं द्यायला सांगतो — हे जळणाऱ्या माणसाचं लक्षण आहे का? नाही ना. पहिल्याच आठवड्यात लालवर बोट कापलं तिचं. मी माझा रुमाल बांधला. दुसऱ्या दिवशी पट्टी घालून आली आणि निळ्याचं चित्र काढायला बसली, करवंटी लागायच्या आत आपोआप थांबलं पाहिजे म्हणाली. तो रुमाल तिने अजून परत केलेला नाही. रुमाल परत न करण्याचा अर्थ काय असतो काकू? काही नसतो. विसरली असेल. पण महिनाभर कुणी रुमाल विसरतं का? विसरतं, मी स्वतः विसरतो.

घ्या, आता निळं करा. करा, मला बघवत नाही पण करा. बघा. काही उडालं? नाही. आणि खवलेल्या नारळाचा चव कसा पडलाय, पांढराशुभ्र, काळ्याचा एक कण नाही — उकडीच्या मोदकात घाला नाहीतर सोलकढीला घ्या. हेच तर दुखणं आहे. वाईट असतं तर मी कशाला एकशेतीसपर्यंत गेलो असतो? इतकं चांगलं काम केलंय पोरीने आणि मला ते हरायला हवंय, का, तर ती मला रोज इथे समोरच्या टेबलावर दिसायला हवीये. आवडते ती मला. बास. पहिल्यांदा तोंडातून काढलं, आणि तेही तुमच्यासमोर. तुम्ही परक्या म्हणून बरं, आणि आवाज बाहेर जात नाही म्हणून बरं.

थांबा हं, फोन वाजतोय. शहाजी सर. मेसेज आहे — 'नारळ वाकडा नव्हता.' म्हणजे? वाकडा नव्हता तर नव्हता, पण मी वाकडा म्हणालो हे त्यांना — चित्रात कसं दिसेल ते? तोंडाच्या हालचालीवरून? एवढ्या लांबून? माइक तर मशीनच्या आवाजासाठी लावला मी, त्याची वायर ही इथून अशी खाली, आणि खाली ती — कॅमेऱ्याच्या डब्यात. मीच खोचली. सकाळी दुसरीकडे भोक सापडेना म्हणून.

म्हणजे पहिल्यापासून. मिसळीपासून. रुमालासकट.

काकू, तुम्ही दाराकडे तोंड करून बसलाय, काचेतून बघा जरा, कुणी येतंय का? मी वळत नाही. मुलगी आहे? निळी ओढणी? रागावलेली दिसते का — नको, ते नका सांगू. हातात काय आहे तिच्या? पांढरं? चौकड्याचा आहे का? … माझाच आहे. आता हा परत करायला आणलाय, का माझ्या केसातलं खोबरं पुसायला, हे कुठल्या तक्त्यात बघू मी?

निळ्याला दहा लिहा. पेन्सिलने नको, हे घ्या पेन. लालचं शून्य राहू दे, ते पहिल्यापासून बरोबर होतं. झालं, या तुम्ही आता, खाली जाताना खवलेला नारळ घेऊन जा, पिशवी तिथेच आहे. नाही, दार ओढून नका घेऊ. निघा ना काकू.