साहेब मीटिंगमध्ये आहेत

हॅलो?… हॅलो, ताई?… हां, सेटवरच आहे मी, गोदामात. रेंज जातेय, दाराशी येते थांब… हं, बोल आता.

पोचले गं अण्णा. उमेशच्या रिक्षाने, इस्त्रीचा शर्ट घालून… फोटो? पाठवते ना. नंतर.

काही नाही झालं… आवाजाला काय झालंय? भुसा उडतोय इथे प्लायवूडचा.

हो, साहेबाच्या ऑफिसचा सेट झाला. आमचे डायरेक्टर सर आत गेले आणि मान वाकवूनच फिरले. छत मुद्दाम खाली घेतलंय, हात वर केला की लागतं. खिडकी कपाटाने झाकली. साहेबाचं टेबल चार बोटं उंचावर, आणि समोरच्या खुर्चीचे पाय मीच कापले. बसलं की हनुवटी टेबलाला टेकते… हो, वाईटच आहे. तसंच हवं होतं. आत शिरलेला माणूस आपोआप लहान झाला पाहिजे.

मग, अण्णांनाच विचारून केलं सगळं! एकतीस वर्षं शिपाई म्हणून साहेबाच्या दाराशी बसलेला माणूस तो… तेच तर. एकदा तरी त्यांना साहेबाच्या खुर्चीत बसवायचं, फोटो काढायचा. ठरलंच होतं ना आपलं.

नाही बसले.

नाही, रागावले नाहीत… अगं ऐक ना, मध्ये बोलू नको. माझंच चुकलं. आई ज्यावर चढून माळ्यावरचे डबे काढते ना, ते स्टूल मी आणलं… हो, तेच, त्यांच्या ऑफिसातलं. म्हटलं, खरं घरात असताना नवीन कशाला करा? दाराबाहेर ठेवलं. अण्णा आले, चपला काढल्या आणि सरळ त्याच्यावर जाऊन बसले. मी म्हटलं, आत चला, आज तुम्ही साहेब. तर म्हणाले, "राहू दे, इथे बरंय."

आधी मलाही हसू आलं.

मग सूर्यमाळ गावची माणसं आली जीपने… गर्दीच्या सीनसाठी गं. त्यात एक म्हातारे, बाबल्याकाका. बाक रिकामा होता, तरी खालीच बसले. अण्णांकडे बघत राहिले, बघत राहिले आणि म्हणाले, "तुमी मोखाड्याच्या कचेरीत व्हता ना? मी पाण्याच्या टँकरचा अर्ज घेऊन यायचो. तीन उन्हाळे."

अण्णांनी लगेच ओळखलं. मान खाली. तर काका आपले थट्टेने, थट्टेनेच गं, विचारतात, "साहेब हाय का आत?"

… हॅलो? आहे, आहे मी.

अण्णा उठून उभे राहिले. म्हणाले, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. बसा."

खोली रिकामी, ताई. दार उघडं. रिकामी खुर्ची सगळ्यांना दिसत होती. कुणी हसलं नाही.

सर? ते खूश! म्हणतात, उद्या शिपायाच्या कामाला यांनाच घेऊ… मी होकार नाही दिला. पण नाहीही नाही म्हटलं. माझं पहिलं काम आहे गं हे.

अजून स्टुलावरच आहेत. चहासुद्धा घेतला नाही… देऊ फोन? थांब हं. अण्णा, ताईचा— थांब, थांब. उठले ते.

काकांचा हात धरलाय. आत नेतायत त्यांना… ताई, साहेबाच्या खुर्चीत बसवलं काकांना. काका नको नको म्हणतायत…

अण्णा? अण्णा समोरच्या खुर्चीत बसले. मी पाय कापले ना, तिच्यात. किती लहान दिसतायत गं… बोलतायत काहीतरी. थांब, ऐकू दे.

…

म्हणतात, "कसली मीटिंग नसायची, बाबल्या. साहेब आत पेपर वाचत असायचे. मला माहीत होतं."

… काका? टेबलावरून वाकून बघतायत त्यांच्याकडे.

रडू नको ना तू… नाही गं, फोटो नाही. नाही काढवत मला— काय, सर?… नाही. कॅमेरा नको… नको म्हटलं ना, सर! काम गेलं तरी चालेल, हे नाही घ्यायचं.

ताई, ठेवते. आधी हे दार लावून घेते.